दौलतनाना, मिस पेनफोल्ड आणि विलायती व्याही

नाशकात दिंडोरी रोडला माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात एक तेलकट खोकं आहे. त्यात जुन्या नोझल, वायसर, अर्धवट तुटलेले वॉल्व्ह असं काहीबाही साठत जातं. टाकून द्यावं म्हटलं तर वाटतं, राहू दे, कुठंतरी बसेल. किश्शांचंही तसंच होतं. ते कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं दर आठवड्याला एका ठिकाणी बसायला लागली की आपोआप पडायला लागतात. आमच्या रविवारच्या इंग्रजीच्या बैठकीत इतके पडले, की आता खोकं ओतल्याशिवाय इलाज नाही. मी थोडं वाढवून सांगतो असं बायको म्हणते. खरं तर ती याहून बरंच जास्त म्हणते, मी कमी करून सांगतोय.

*

सुरुवात दौलतनानांमुळे झाली. नाना दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार. वय साठीच्या पुढे, गुडघा थोडा अधू, आणि आवाज असा की बागेत पाखरं हाकलायला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही. त्यांचा मुलगा प्रवीण इंग्लंडात नोकरीला. त्यानं एक दिवस फोनवर सांगितलं, की रूथ नावाची तिथलीच मुलगी आहे, आमचं दोघांचं ठरलंय, फक्त तुमचा होकार हवा. नानांची ना नव्हती. पण काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, अट घातली. मुलीच्या बापाशी नानांनी स्वतः बोलायचं, माणूस पारखायचा, मगच त्या हो म्हणणार.

नानांना हे अवघड वाटलं नाही. प्रवीण मध्ये बसेल, त्यांचं आपल्याला सांगेल, आपलं त्यांना सांगेल. काकूंनी तो बेत एका वाक्यात मोडीत काढला.

"नवरदेवानंच मध्यस्थी केली, तर ती बोलणी नाय, जाहिरात हाय."

द्राक्षाचा हंगाम उरकला की मुलीचे वडील मुलीला घेऊन इकडे येणार होते. तोवर नानांना इंग्रजी यायला हवं होतं. नाही आलं तर काकू अडून बसणार, आणि काकू एकदा अडून बसल्या की जेसीबीनं हलत नाहीत. नाना सरळ माझ्या दुकानात आले, एक पंप काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बाळू, पंप तू करशील. पण इंग्रजी कुठं दुरुस्त करून मिळंल?"

*

मी त्यांना पगारे मॅडमकडे नेलं. मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, कॉलेज रोडला राहतात. नानांना महिनाभरात फाडफाड बोलायला शिकवणारं एखादं पातळ पुस्तक हवं होतं. मॅडमनी कपाटातून वीट काढावी तशी एक जुनी कादंबरी काढली. इंग्लंडातल्या एका खेड्यातली, मोटारी यायच्या आधीच्या काळातली.

"बोलायला शिकायचं तर माणसं लागतात, नाना," मॅडम म्हणाल्या. "यात भरपूर आहेत."

नानांनी पुस्तक हातात तोलून पाहिलं. "एक्सपोर्टच्या पेटीत बसंल एवढा माल हाय."

पद्धत अशी ठरली: एकेकानं एक पान मोठ्यानं वाचायचं, मॅडम अर्थ सांगणार, मग त्यानंच ते आपल्या इंग्रजीत सांगायचं. अडलं तर मराठीत, पण लाजून. पुढे आणखी दोघं आली. एक सुभेदार, तोफखान्यातून निवृत्त झालेले. देवळाली कॅम्पहून बसनं यायचे. नातू आणि सून त्यांच्यासमोर इंग्रजीत काय बोलतात ते त्यांना समजून घ्यायचं होतं. दुसऱ्या रोहिणीताई, मॅडमच्या शेजारी राहणाऱ्या नर्स. त्या पहिल्या रविवारी साखर मागायला आल्या होत्या. पुढे काय होतं ते कळल्याशिवाय जाववेना, म्हणून राहिल्या. साखर अजून नेलेली नाही.

*

कादंबरीची गोष्ट साधी होती. गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांची एकुलती एक मुलगी मिस पेनफोल्ड. तिला दोन स्थळं. एक मिस्टर थॉर्नबी, मोठ्या इस्टेटीचा मालक, पण घुम्या. दुसरा कॅप्टन लॅशवुड, दिसायला देखणा आणि बोलायला त्याहून देखणा.

स्थळ म्हटल्यावर नानांनी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि चौकशी सुरू केली. थॉर्नबीची जमीन किती? मॅडमनी सांगितलं, खूप. खूप म्हणजे किती एकर? ते लिहिलेलं नाही. पाणी कसलं, विहीर की पाट? तेही लिहिलेलं नाही. बरं, लावलंय काय? मॅडमनी पानं चाळली. त्या माणसानं पुस्तकभर घोडा फिरवला, पत्रं लिहिली, खिडकीतून बाहेर बघितलं, पण त्याच्या रानात काय उगवतं याचा पत्ता नाही.

"चारशे पानांत एकानंबी बांधावर पाय ठेवला नाय," नाना म्हणाले. "मॅडम, ह्या स्थळाची मला खात्री वाटत नाय."

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. आठवडाभर विचार करून त्यांच्या लक्षात आलं होतं, की थॉर्नबी सकाळी अकराला न्याहारी करतो.

"अकराला न्याहारी करणाऱ्याची शेती वाट्यानं दिलेली असती," नानांनी निकाल दिला. पुढे तिसाव्या प्रकरणात थॉर्नबीच्या जमिनीवरची कुळं त्याला भेटायला आली, तेव्हा मॅडमनी चष्मा काढून नानांकडे पाहिलं. नानांनी नुसती मिशी सारखी केली.

*

त्या पुस्तकात पाऊस फार. दर दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी छत्रीशिवाय निघायचं आणि ढग यायचे. एका रविवारी मिस पेनफोल्ड आणि थॉर्नबी ऐन ऑक्टोबरात एका झाडाखाली अडकतात, असा प्रसंग आला. लेखकानं दोन पानं नुसता पाऊस लिहिला होता. आधी वारा पडला, मग पाखरं गप्प झाली, मग पानांवर पहिला थेंब. मॅडम फार सुंदर वाचतात. रोहिणीताईंनी डोळे मिटले होते. मीसुद्धा गप्प होतो, यावरून कल्पना करा.

नाना उठून गॅलरीत गेले. फोनवर त्यांचा आवाज आला. बागेवरच्या माणसाला सांगत होते, की असशील तसा नीघ, टाकी भर, पावसानं डाऊनी रोग पडायच्या आत त्याची फवारणी आजच्या आज उरकून घे.

बाहेर लख्ख ऊन होतं. मी ते दाखवलं. नाना म्हणाले, "तुला दिसतंय ऊन. मला पुस्तकातलं खरं वाटलं."

आता पुढचं ऐका. त्याच संध्याकाळी दिंडोरीकडे सरी आल्या, शेजाऱ्यांच्या बागा गेल्या आणि नानांची वाचली. तेव्हापासून त्यांच्या गावातले दोघंतिघं मला दर शनिवारी विचारतात, की पुढच्या प्रकरणात हवामान कसं आहे.

*

रोहिणीताईंचं आणि त्या पुस्तकाचं भांडण वेगळंच. त्यातल्या बायका ऊठसूट चक्कर येऊन पडायच्या. पत्र आलं, पडल्या. पत्र नाही आलं, पडल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी धावत जाऊन नाकाला काहीतरी हुंगायला द्यायचं.

रोहिणीताईंनी तीन-चार जणींचं सहन केलं. मग म्हणाल्या, "मॅडम, या गावात एकीचंही हिमोग्लोबिन दहाच्या वर नसणार. यांना प्रेमाबिमाची नाही, लोहाच्या गोळ्यांची गरज आहे."

मिस पेनफोल्ड त्या पावसात भिजून तापानं आजारी पडली. तिच्या उशाशी सगळे रडत बसले, थॉर्नबी बाहेर अंधारात येरझारा घालत राहिला. फार हृदयद्रावक पान होतं. वाचायची पाळी रोहिणीताईंची होती. त्यांनी ते भरभर वाचून टाकलं आणि आपल्या इंग्रजीत सारांश सांगितला: "फीव्हर. टू मेनी व्हिजिटर्स. नो व्हेंटिलेशन."

मॅडम म्हणाल्या, वाक्यं अगदी बरोबर आहेत, पण लेखकाचं काय चुकलं?

"लेखकाचं काही नाही," रोहिणीताई म्हणाल्या. "माझी ड्यूटी असती तर थॉर्नबीला कधीच घरी हाकललं असतं."

*

सुभेदार पहिल्या दिवसापासून कॅप्टन लॅशवुडच्या बाजूनं होते. फौजी माणूस, शब्दाचा पक्का असणार, पोरीनं डोळे मिटून हो म्हणावं. मॅडमना पुढचं माहीत होतं, त्या नुसत्या हसायच्या. मग ते प्रकरण आलं. लॅशवुडनं मिस पेनफोल्डला वचन दिलं आणि तिच्याच मैत्रिणीला घेऊन पळाला!

वाचत होते नेमके सुभेदारच. मध्येच थांबले. पाणी प्यायले. मग पुस्तक मिटून मॅडमना विचारलं, "याची पलटण कोणती?"

पुस्तकात पलटणीचं नाव नव्हतं. सुभेदारांनी मागची सगळी पानं पालथी घातली, नाहीच. त्यांचा जीव भांड्यात पडला. "बघा, पलटण नाही, परेड नाही, रजेचा अर्ज नाही. हा फौजी नाहीच, तोतया आहे." एवढं बोलून पुढचं वाचायला लागले. पण त्यानंतर त्यांनी त्याला एकदाही कॅप्टन म्हटलं नाही. जिथं जिथं कॅप्टन छापलेलं, तिथं ते ठासून मिस्टर वाचायचे.

मॅडमनी दोनदा टोकलं, की छापलंय तसं वाचा.

"छापू दे," सुभेदार म्हणाले. "मी त्याचं कोर्ट मार्शल केलंय."

*

अशा शाळेत शिकल्यावर नानांचं इंग्रजी कसलं झालं असेल? एकदा त्यांना द्वारकेच्या चौकात हवालदारानं अडवलं. सीटबेल्ट लावलेला नव्हता. मी शेजारी बसलेलो, माझा होता. नानांना सरावाची हौस. त्यांनी काच खाली केली, छातीवर हात ठेवला आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, "सर, आय अ‍ॅम हार्टिली अशेम्ड. परमिट मी टू एक्स्प्रेस माय डीपेस्ट रिग्रेट."

हवालदारानं आधी नानांच्या धोतराकडे बघितलं, मग जीपकडे, मग माझ्याकडे. मला हळूच विचारलं, "कोण आहेत हे?"

मी म्हटलं, सध्या अठराव्या प्रकरणात आहेत.

त्यानं काय अर्थ घेतला देव जाणे. पट्टा लावायला लावला, आणि जीप हलल्यावर सॅल्यूट ठोकला.

*

बेचाळिसाव्या प्रकरणात म्हातारे डॉक्टर वारले. मुलीचं लग्न बघायचं राहून गेलं. नाना त्या रविवारी चहा न घेता गेले.

त्याच आठवड्यात नानांच्या एका चुलतभावाचा दहावा रामकुंडावर होता. पिंड ठेवले, कावळा लगेच शिवला, सगळ्यांनी हुश्श केलं. गुरुजी आवरायला लागले, तर बाजूला आणखी एक छोटा पिंड. तिकडे कावळा फिरकायला तयार नाही. गुरुजींनी विचारलं, हा कुणाचा? नाना म्हणाले, आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. गोत्र? ठाऊक नाही, विलायतेचे होते.

गुरुजी रामकुंडावरचे. त्यांनी आयुष्यात काय काय पाहिलेलं. त्यांनी एवढंच विचारलं, की काही इच्छा राहिली होती का.

"पोरीचं लग्न राह्यलं," नाना म्हणाले.

मग तसा शब्द द्या, म्हणाले गुरुजी. नानांनी हात जोडले. डॉक्टरांना मराठी कळणार नाही म्हणून इंग्रजीत सांगितलं, की सर, तुमच्या पोरीचं चांगल्या घरी करून देऊ. आणि कावळा आला!

मी स्वतः तिथं नव्हतो. पण नाना खोटं बोलत नाहीत. त्या कामाला त्यांनी मला ठेवलंय.

पुढच्या रविवारी ते मॅडमना बजावून म्हणाले, "आता मागं हटता येणार नाय. आपण शब्द दिलाय."

*

कादंबरी संपली. मिस पेनफोल्डचं थॉर्नबीशी लग्न झालं, शेवटच्या पानावर, तीन ओळींत. रोहिणीताईंनी डोळे पुसले आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. नाना मात्र पान उलटून मागचा पुठ्ठा बघत राहिले.

"एवढं चारशे पानं ताटकळत ठेवलं," ते म्हणाले, "आन जेवायला काय होतं ते नाय सांगितलं."

*

एप्रिल संपता संपता प्रवीण, रूथ आणि रूथचे वडील आले. वडिलांचं नाव हॅरल्ड. उंच, लाजाळू, आयुष्यभर बस चालवलेला माणूस. नानांनी आपल्या घरी रीतसर बैठक बोलावली होती. मुलाकडची माणसं म्हणून आम्ही चौघं: मॅडम, सुभेदार, रोहिणीताई आणि मी. प्रवीण आणि रूथला बाहेर ओट्यावर पाठवलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात, कान बैठकीत.

मॅडमनी आधी हॅरल्डना त्या कादंबरीचं विचारलं. त्यांनी मान हलवली आणि हातवारे करून सांगितलं, की शाळेत ती वाचायला लावायचे तेव्हा ते खिडकीतून पळून फुटबॉल खेळायला जायचे. नाना माझ्या कानाशी आले. "पोरगी लाख चांगली हाय रे. पण घराण्यात वाचन नाय."

आता एक गोष्ट सांगायला हवी. कादंबरीत कुठल्याही बापाला लग्नाचं महत्त्वाचं बोलायचं असलं, की खोलीत विस्तव पेटलेला असायचा आणि घरधनी त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा. नानांनी यावरून पक्कं ठरवलं होतं, की त्या लोकांत विस्तवाशिवाय सोयरीक बोलत नाहीत. पाहुण्याचा मान राहिला पाहिजे. म्हणून हॉलच्या मधोमध लोखंडी घमेल्यात बाभळीची लाकडं पेटवली होती. एप्रिलातली दुपार. राख उडते म्हणून पंखा बंद.

नाना घमेल्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठ भाजत होती, पण हलले नाहीत. महिनाभर घोटलेलं वाक्य त्यांनी बिनचूक म्हटलं: "सर, आय होप यू फाउंड द रोड्स टॉलरेबल."

हॅरल्ड बोलले. बरंच बोलले. पण त्यांच्या भागाची बोली अशी काही होती, की प्रत्येक शब्द घशात सुरू व्हायचा आणि नाकात संपायचा. नानांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी अख्खी नोकरी इंग्रजीत काढलेली, पण त्यांनी बंद पंख्याकडे बघितलं. नानांनी आणखी दोन वाक्यं टाकली. ती हॅरल्डना कळली नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या, म्हणजे काकूंचं मत बनत चाललं होतं. नानांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तो सगळाच विस्तवाचा नव्हता.

हॅरल्ड मात्र विस्तवाकडे बघत होते. रूथनं निघण्याआधी त्यांना इकडच्या लग्नांचे व्हिडिओ दाखवून बजावलं होतं, की भारतात खोलीच्या मध्ये अग्नी दिसला तर तो पवित्र असतो, त्याला उजवीकडे ठेवून भोवती फिरतात, बाबा, तिथं नीट वागा. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की तो उंच माणूस उठला, त्यानं घमेल्याला हात जोडले आणि त्याच्याभोवती हळूहळू चालायला लागला.

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. का हलवली ते विचारू नका.

"त्यांच्यात असतंय वाटतं," नाना पुटपुटले आणि धोतर सावरत हॅरल्डच्या मागं निघाले.

सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. रोहिणीताईंनी ओढणीचा बोळा तोंडात धरला. ओट्यावरच्या खिडकीतून रूथनं प्रवीणला काहीतरी विचारलं, त्यावर तो म्हणाला, मला वाटलं हे तुमच्याकडचं आहे.

पहिला फेरा झाला, दुसरा सुरू झाला. नानांचा गुडघा कुरकुरायला लागला, पाय ओढत होते. पण पाहुणा थांबत नाही तोवर आपण कसं थांबायचं? वळणावर हॅरल्डनी मागं बघितलं. ते थांबले. दोन पावलं परत आले, नानांच्या कोपराखाली हात घातला, आणि दोघं शेजारी शेजारी चालायला लागले. एक जण खिशातल्या रुमालानं घाम पुसत होता. त्यानं तोच रुमाल दुसऱ्याला दिला. नानांनी तो घेतला.

काकू सरबताचं ताट घेऊन कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नाही. त्या नानांच्या कोपराखालच्या त्या हाताकडे बघत होत्या. मी सावरून घ्यायला पुढं झालो, म्हटलं, काकू, बोलणं अजून व्हायचंय, जरा शब्द जुळेनात म्हणून...

काकूंनी मला हातानंच गप्प केलं. ताट रोहिणीताईंकडे दिलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "बसवा आता त्या दोघांला. थोडे फेरे पोरांसाठी ऱ्हाऊ द्या."